दोन दिवसांचा कोचीचा बेत

प्रवासापेक्षा प्रवासाच्या आखणीतच अधिक गोडी असते, असे कित्येक जाणते लोक सांगतात. महिना-पंधरा दिवसांच्या यात्रेच्या बाबतीत ते खरे असेलही. दोन दिवसांच्या सहलीची गोष्ट मात्र निराळी. तेथे आखणी म्हणजे चिक्कू माणसाची जमाखर्चाची वही होय. शनिवारी सकाळी एखाद्या नव्या शहरात उतरावयाचे आणि रविवारी रात्री परतीच्या गाडीत बसावयाचे. मधल्या वेळातून झोप, स्नान, जेवणे, मुलांचे हट्ट आणि वाहनांची वाट पाहणे एवढे वजा केले म्हणजे प्रत्यक्ष पाहण्यासाठी जेमतेम बारा-तेरा तास हाती उरतात. एवढ्या तासांत काय पाहावे हा प्रश्न सोपा आहे. त्याचे उत्तर कोणतेही मार्गदर्शक पुस्तक देते. काय पाहू नये, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर ज्याचे त्यालाच शोधावे लागते, आणि तेही बरोबर येणाऱ्या माणसांकडे पाहून.

नोकरीच्या निमित्ताने आमचे बिऱ्हाड काही वर्षांपासून बंगळूरला आहे. येथून रात्रीच्या गाडीने निघाले की सकाळी एर्नाकुळमला उतरता येते, म्हणून जानेवारीतील एका शनिवार-रविवारसाठी आम्ही कोची निवडली. जानेवारी अशासाठी की, केरळात पाऊस एकदा पडून थांबत नाही. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस असतो. तो ओसरतो न ओसरतो तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारनंतर गडगडाट करीत दुसरा पाऊस येतो. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत आकाश बहुधा निरभ्र असते. त्यातही डिसेंबरचा शेवटचा आठवडा आम्ही कटाक्षाने टाळला. त्या दिवसांत फोर्ट कोचीला मोठा उत्सव चालतो, आणि वर्षाच्या अखेरच्या मध्यरात्री सरत्या वर्षाचे प्रतीक म्हणून ‘पप्पांजी’ नावाच्या दाढीवाल्या म्हाताऱ्याचा पुतळा जाळतात. ते दृश्य पाहण्यासारखे असते यात शंका नाही. परंतु ज्यांच्याबरोबर वृद्ध माणूस आहे त्यांनी त्या गर्दीच्या वाटेस जाऊ नये.

आमच्याबरोबर आई होती. किंबहुना तिच्यासाठीच हा बेत होता. तिचे माहेर वेंगुर्ल्याचे. तिचे आजोबा गलबतावर तांडेल होते. नारळी पौर्णिमा झाली, वारा पडला, की गलबत पाण्यात लोटावयाचे आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे जावयाचे. परतताना मिरी, काथ्या आणि खोबरे आणावयाचे. आईने त्या आजोबांना पाहिलेले नाही. तिने ऐकल्या त्या आजीने सांगितलेल्या गोष्टी, आणि त्या गोष्टींत कोची हे नाव वारंवार येई. त्यामुळे कोची म्हणजे तिच्या लेखी एखादे शहर नव्हतेच. आजोबा जेथे जात आणि आजी ज्या दिशेला तोंड करून वाट पाही, ती जागा म्हणजे कोची. आज तिचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. गुडघे जिन्याला राजी नाहीत, आणि वैद्यांनीही पायऱ्या मोजून चढा असे बजावले आहे. ‘पुढच्या वर्षी जाऊ’ असे आमच्या घरात आताशा कोणी म्हणत नाही.

उलट मुलाची तयारी पाहावी! त्याने वहीच्या दोन पानांवर बावीस स्थळांची यादी उतरवून काढली होती. तीत त्रिप्पूणितुऱ्याचा हिल पॅलेस होता, चेराईचा समुद्रकिनारा होता, आलप्पुळाचे कालवे होते, आणि सत्तर-एक किलोमीटरवरचा अतिरप्पिळ्ळीचा धबधबादेखील होता. स्थळे ‘उरकण्याची’ ही जी रीत आपल्याकडे रूढ होत चालली आहे, तिच्याविषयी मला फारसा आदर नाही. लग्नातील पंगत उरकावी तशी शहरे उरकणारी माणसे घरी येतात तेव्हा त्यांच्यापाशी छायाचित्रे पुष्कळ असतात. पण तेथल्या रस्त्यावर कसला वास येत होता असे विचारले तर ती गोंधळतात. तथापि बारा वर्षांच्या मुलाला हे सांगून पटत नसते. मी त्याला एवढेच म्हटले की, प्रत्येक स्थळापुढे दोन आकडे लिही : तेथे जाण्यायेण्यास किती वेळ लागतो, आणि आजीला किती पायऱ्या चढाव्या लागतात. संध्याकाळपर्यंत यादी आपोआप सातांवर आली. हिल पॅलेस ही कोचीच्या राजांची विस्तीर्ण वास्तू. ती पाहावयाची तर अर्धा दिवस हवा. चेराई जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. धबधब्याविषयी तर बोलावयासच नको. त्या रात्री मुलगा थोडा रुसून झोपला.

उरलेल्या सातांचा क्रम लावणे हे पुढचे काम. येथे मात्र शहरानेच आमचे मनगट धरून आम्हाला शिस्त लावली. कोचीची पाहण्यासारखी जुनी वस्ती दोन भागांत आहे. समुद्राच्या मुखाशी फोर्ट कोची. तेथे चिनी जाळी, सेंट फ्रान्सिसचे चर्च, सांताक्रूझचे मोठे देवालय, आणि पर्जन्यवृक्षांच्या छायेतले रस्ते. तेथून थोडे आत, खाडीच्या काठाने, मट्टानचेरी. तेथे राजवाडा, ज्यूंचे सिनेगॉग आणि मसाल्यांच्या वखारी. दोन भागांमधले अंतर रिक्षाने दहा मिनिटांचे. ते पाहून वाटते की कोणतेही आधी पाहावे, कोणतेही मागून. पण तसे नाही. मट्टानचेरीचा राजवाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असून तो शुक्रवारी बंद असतो. त्याच्या अगदी शेजारचे सिनेगॉग शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी दिवसभर बंद असते, कारण शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत ज्यूंचा विश्रामदिन. आणि फोर्ट कोचीच्या चर्चमध्ये रविवारी सकाळी उपासना चालते. त्या वेळी पाहुण्यांनी भिंतीवरचे शिलालेख वाचीत हिंडणे शोभत नाही. म्हणजे शनिवारी उतरणाऱ्याला एकच मार्ग उरतो : शनिवारी फोर्ट कोची, रविवारी मट्टानचेरी. हा क्रम उलटा केला तर एका दारावर कुलूप आणि दुसऱ्या दारात प्रार्थना, अशी गाठ पडते.

हे मी घरात वाचून दाखविले तेव्हा आई सहज म्हणाली, “म्हणजे आमच्या शनवार तेल्यांसारखंच की!” मुलांना हा शब्द ठाऊक नव्हता. कोकणात, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीत, जे बेने इस्राएल लोक पिढ्यान्पिढ्या राहत आले, त्यांचा तेल गाळण्याचा व्यवसाय होता. ते शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी. पुढे एकोणिसाव्या शतकात याच कोचीचे ज्यू शिक्षक कोकणात येऊन त्यांना हिब्रू आणि प्रार्थना शिकवीत असत. एका शहराच्या वेळापत्रकातील सुट्टीचा दिवस असा दूरवर जाऊन पोहोचेल असे मुलीला वाटले नव्हते. ती महाविद्यालयात इतिहास शिकते, आणि तोपर्यंत या बेताकडे तिने विशेष लक्ष दिले नव्हते. त्या दिवसापासून ती यादीत आली.

मुक्काम एर्नाकुळमला करावा की फोर्ट कोचीला, यावर आमच्या घरात दोन पक्ष पडले. एर्नाकुळमला स्टेशन जवळ, बाजार जवळ, खोल्या मुबलक. परंतु फोर्ट कोचीचे जे सौंदर्य आहे ते सकाळी सात वाजता आणि सूर्यास्ताच्या वेळी; मधल्या वेळात तेथे ऊन आणि पर्यटक यांचेच राज्य असते. शेवटी गृहिणीने निर्णय दिला : फोर्ट कोचीलाच राहावयाचे, मात्र खोली तळमजल्यावरची हवी आणि स्नानगृहात उंबरा नको. वृद्ध माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी खोलीची जागा ठरविताना खिडकीतून समुद्र दिसतो की नाही हे विचारण्याआधी हे दोन प्रश्न विचारावेत.

शनिवारी सकाळी एर्नाकुळमला उतरलो. तेथून फोर्ट कोचीला पुलावरूनही जाता येते. पण कोचीत प्रथम प्रवेश करावा तो पाण्यावरून. राज्य जलवाहतूक खात्याची जुनी बोट अजून धावते, आणि तिचे तिकीट चहाच्या पेल्याइतके स्वस्त आहे. तिच्या जोडीला २०२३ च्या एप्रिलमध्ये जल-मेट्रो सुरू झाली, आणि २०२४ पासून ती फोर्ट कोचीलाही जाऊ लागली. या बोटी विजेच्या घटांवर चालतात, आणि त्या कोचीच्याच गोदीत बांधलेल्या आहेत. ज्या गोदीत ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका बांधली गेली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली, तीच ही गोदी. मला स्वतःला जुनी बोट अधिक आवडते. पण जल-मेट्रोचा धक्का तरंगता असल्यामुळे भरती असो वा ओहोटी, तो आणि बोटीचा तळ एकाच पातळीत राहतात. म्हाताऱ्या माणसाला पाऊल उचलून अंतर ओलांडावे लागत नाही. म्हणून आम्ही तीच घेतली. आई एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने नातीचे मनगट धरून आत गेली आणि खिडकीपाशी बसली. बोट सुटल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला : “समुद्राचं तोंड कुठल्या बाजूला?”

उजवीकडे व्हैपिनचे बेट, समोर फोर्ट कोचीचे टोक, आणि त्या दोहोंच्या मधून खुल्या समुद्राकडे जाणारी वाट. डावीकडे विलिंग्डन बेट पसरलेले. या बेटाचा मोठा भाग मानवनिर्मित आहे. पूर्वी कोचीच्या तोंडाशी वाळूचा कठीण बांध होता. त्यामुळे मोठ्या आगबोटींना आत येता येत नसे. त्या बाहेर समुद्रात नांगर टाकून उभ्या राहत आणि माल लहान होड्यांतून आणावा लागे. पावसाळ्यात तेही दुर्घट होई. १९२० साली रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज अभियंता येथे आला. त्याने तो बांध खोदून खोल वाट काढली, आणि उपसलेल्या गाळाची भर घालून हे बेट उभे केले. २६ मे १९२८ रोजी ‘पद्मा’ नावाची आगबोट आतल्या बंदरात शिरली. मी हे सांगत असता आई मध्येच म्हणाली, “पण गलबत शिरत असणार. गलबताला कितीसं पाणी लागतं?” तिचे म्हणणे बरोबर होते. आगबोटी ज्या बांधाबाहेर ताटकळत उभ्या राहत, त्याच्यावरून गलबते आणि पडाव आत-बाहेर करीत. या गोष्टीत आपल्या आजोबांचा तिला झालेला आनंद तिने लपविला नाही.

चिनी जाळ्यांसाठी आम्ही सायंकाळ राखून ठेवली होती. ही जाळी भरतीच्या पाण्यात अधिक चालतात, म्हणून भरतीची वेळ पाहणे अवश्य असते. आईने बंगळूरला असतानाच पंचांग काढून तिथीला पाऊणपट करून वेळ काढली होती. कोकणातील ही जुनी रीत : चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशेब आपल्या किनाऱ्यापुरता ठीक चालतो. कोचीची भरतीची वेळ निराळी पडते, आणि पाण्याची चढउतरही मुंबईच्या मानाने फारच थोडी, साधारण मीटरभराची असते. म्हणून तेथे बंदराचे भरतीचे कोष्टक पाहणे बरे. ते पाहिल्यावर आईने आपला हिशेब बाजूला ठेवला. तथापि “तिथं पंचांग वेगळं असेल,” असा शेराही मारला.

लांबच लांब तुळया, त्यांच्या एका टोकाला चार काठ्यांवर ताणलेले मोठे जाळे, आणि दुसऱ्या टोकाला दोरांनी लोंबकळणारे दगड, असे हे यंत्र आहे. त्याचा तोल इतका नेमका साधलेला असतो की, तुळईवरून एक माणूस चालत पुढे गेला तरी जाळे हळूच पाण्यात उतरते. काही मिनिटांनी चार-सहा माणसे मिळून दोर ओढतात आणि जाळे वर येते. कोणी म्हणतात की ही जाळी चिनी दर्यावर्द्यांनी आणली. कोणी म्हणतात की पोर्तुगिजांनी मकावहून आणली, आणि त्यांच्या काही भागांची पोर्तुगीज नावे त्याला पुरावा म्हणून दाखवितात. पूर्वी ती सागवान आणि बांबूची असत. आता पुष्कळ ठिकाणी लोखंडी नळ्या आल्या आहेत. जाळ्यात येणारी मासळी पाहिली तर वाटते की एवढ्या मोठ्या खटाटोपाला हे फळ फारच थोडे. आम्ही उभे होतो तेव्हा एका खेपेत मूठभर लहान मासळी आणि एक खेकडा आला. आता या लोकांच्या उत्पन्नात मासळीइतकाच, कदाचित जास्तही, पाहुण्यांच्या बक्षिसीचा वाटा असावा. ते येणाऱ्याजाणाऱ्याला दोर ओढावयास बोलावतात. मुलाने दोर ओढला. त्याच्या तळहाताला लाल वळ उठला, आणि तो रात्री झोपेपर्यंत सर्वांना दाखविण्यात आला.

जाळ्यांपासून सेंट फ्रान्सिसचे चर्च चालण्याच्या अंतरावर आहे. तेथे आम्ही आधीच, उन्हे कलण्यापूर्वी जाऊन आलो होतो. १५०३ साली लाकडाचे आणि मागाहून दगडाचे बांधलेले हे चर्च भारतातील युरोपियनांच्या अतिप्राचीन चर्चांपैकी एक. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीतच वारला आणि येथेच पुरला गेला. पुढे चौदा-पंधरा वर्षांनी त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. थडग्याची जागा कठड्याने दाखविली आहे. डचांनी १६६३ त कोची घेतल्यावर हे चर्च आपल्या पंथाचे केले, इंग्रजांनी १७९५ त घेतल्यावर आपल्या. तिघांच्याही खुणा भिंतींवरील शिळांतून वाचता येतात. मला तेथे सर्वांत लक्षात राहण्यासारखी वस्तू वाटली ती वर टांगलेले कापडी झालरीचे पंखे. त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर काढलेल्या आहेत. आत उपासना चाले तेव्हा बाहेर बसून त्या दोऱ्या ओढणारी माणसे असत. त्यांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत.

जेवणाविषयी थोडे सांगणे जरूर आहे, कारण वृद्ध आणि मुले यांच्या सहलीचे यश पुष्कळसे त्यावर अवलंबून असते. अप्पम आणि नारळाच्या दुधातला इष्टू हे दोन्ही मऊ, बिनतिखट आणि दातांना सोपे. दुपारी भाताबरोबर कोमट, गुलाबी रंगाचे पाणी पुढे आले, तेव्हा मुलांनी ते सरबत समजून तोंड वाकडे केले. ते पतंगाचे लाकूड घालून उकळलेले पाणी. केरळातील खाणावळीत ते सर्रास देतात. परक्या गावी उकळलेले पाणी न मागता मिळावे, यापेक्षा अधिक आदरातिथ्य ते कोणते?

रात्री कथकलीचा लहानसा प्रयोग पाहिला. फोर्ट कोचीत पाहुण्यांसाठी तास-दीड तासाचे प्रयोग होतात, आणि प्रयोगाआधी नट प्रेक्षकांदेखत रंग चढवितात. खरे पाहता तेच अधिक पाहण्यासारखे. नट डोळे मिटून उताणा पडून असतो आणि दुसरा त्याच्या गालांवर पांढरी कड चढवीत असतो. रात्रभर चालणाऱ्या कलेची ही चिमूट आहे हे खरे. परंतु दोन दिवसांच्या पाहुण्याने चिमटीवर रागावू नये.

रविवारी सकाळी दहाच्या आधी मट्टानचेरीला पोहोचलो. राजवाडा बाहेरून अगदी साधा, कौलारू. एखाद्या सधन शेतकऱ्याचा वाडा वाटावा असा. पोर्तुगिजांनी तो १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला भेट दिला. डचांनी मागून दुरुस्त केला, म्हणून लोक त्याला डच राजवाडा म्हणतात. दालने वरच्या मजल्यावर आहेत. यादीत आईसाठी राखून ठेवलेल्या पायऱ्या त्या याच. ती एकेक पायरी दोन्ही पावले टेकवून चढली. आम्ही मागे उभे राहिलो आणि घाई करणाऱ्यांना पुढे जाऊ दिले. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण रंगविले आहे. लाल, पिवळा, हिरवा अशा मोजक्या रंगांत भिंतीचा वीतभरही भाग मोकळा न सोडता माणसे, वानर, राक्षस आणि वृक्ष एकमेकांत असे गुंफले आहेत की, डोळ्यांना वाट सापडावयास वेळ लागतो. आई तेथल्या पहारेकऱ्याच्या परवानगीने बाजूला बसली, आणि मुलांना एकेक प्रसंग ओळखून दाखवू लागली. मी मनाशी या दालनाला वीस मिनिटे दिली होती. तेथे एक तास गेला. यादीतले सातवे स्थळ त्यातच बुडाले, आणि मुलानेही त्याची आठवण काढली नाही.

सिनेगॉग तेथून काही पावलांवर, ज्यू टाऊनच्या अरुंद रस्त्याच्या टोकाशी आहे. १५६८ साली ते बांधले गेले. शेजारचा घड्याळाचा मनोरा १७६० चा. १९६८ साली त्याला चारशे वर्षे झाली तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी समारंभाला आल्या होत्या, आणि टपाल खात्याने तिकीटही काढले होते. पादत्राणे बाहेर ठेवून आत गेले म्हणजे पायांखाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा लागतात. अठराव्या शतकात त्या कँटनहून आणल्या. प्रत्येकीवरचे चित्र हाताने काढलेले, एकीसारखी दुसरी नाही. वर काचेची झुंबरे, मध्ये पितळी कठड्याचे पीठ.

परंतु या वास्तूत जाणवते ती माणसांची उणीव. १९४८ साली इस्राएल स्थापन झाल्यानंतर कोचीचे बहुतेक ज्यू तिकडे गेले. या गल्लीतील कुटुंबेही एकामागून एक गेली. समग्र सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. तेवढे या गल्लीत बऱ्याच वर्षांपासून नाहीत. याच रस्त्यावर सारा कोहेन या वृद्ध बाई भरतकामाचे दुकान चालवीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्या निवर्तल्या. आता गल्लीतील दुकानांत काश्मिरी शाली आणि जुन्या वस्तू विकतात. आणि तरीही दर शनिवारी या दाराला कुलूप असते. ज्यांच्या विश्रांतीसाठी ते लावावयाचे ती माणसे समुद्रापलीकडे गेली, तरी दिवस पाळला जातो. मुलीने विचारले की, हे असे कोणासाठी? तिला उत्तर देणे मला जमले नाही. तिने मग आजीला विचारले. आई म्हणाली, “वेंगुर्ल्याचं घर बंद आहे, तरी तुळशीला पाणी घालायला मी माणूस ठेवलंय ना?”

बाराच्या आत आम्हाला आणखी एक ठिकाण गाठावयाचे होते, कारण केरळातील देवळे दुपारी बंद होतात. मट्टानचेरीजवळ चेर्लाई भागात कोकणी लोकांची वस्ती आहे, आणि तेथे त्यांचे व्यंकटाचलपतीचे मोठे देऊळ, तिरुमल देवस्वम, आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाला कंटाळून गोमंतकातून जी गौड सारस्वत कुटुंबे समुद्रमार्गाने दक्षिणेकडे गेली, त्यांतली पुष्कळ येथे वसली. त्यांचे एक ऋण आपल्या लिपीवरही आहे. डच गव्हर्नर हेंद्रिक व्हान र्‍हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला छापला गेला. त्या कामात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोकणी ब्राह्मण होते. पहिल्या खंडात त्यांचे कोकणी भाषेतील प्रशस्तिपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. म्हणजे महाराष्ट्रात छापखाना येण्याच्या कितीतरी आधी आपली अक्षरे युरोपात कागदावर उमटली, ती कोचीच्या या माणसांच्या हातची.

देवळाबाहेर एक बाई जमिनीवर टोपली मांडून फुले विकीत बसली होती. आईने मालवणीत भाव विचारला. बाईने मान वर केली, क्षणभर पाहिले, आणि कोकणीत उत्तर दिले. दोन्ही बोलींत चारशे वर्षांचे आणि सातशे-आठशे किलोमीटरचे अंतर. प्रत्येक तिसरा शब्द अडत होता, तरी फुलांचा व्यवहार, माहेर कोणते, मुले किती, हे सारे पार पडले. शेवटी बाईने दोन जुई जास्त घातल्या. आम्ही चौघे रस्त्याच्या कडेला उभे होतो. गेल्या दोन दिवसांत आम्हीच आईचे दुभाषे होतो. आता दुभाषाची गरज आम्हाला होती.

तीन वाजता एर्नाकुळमला परतलो आणि सामान स्टेशनवरच्या सामानघरात ठेवले. गाडीला अजून चार-पाच तास होते. मुलाने खिशातून वहीचे पान काढले. मरीन ड्राईव्हचा रस्ता जवळच होता. एखादे संग्रहालयही घाई केली तर झाले असते. त्याने यादी माझ्यापुढे न धरता आजीपुढे धरली. आजीने चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली, घडी करून त्याच्या हातात परत दिली, आणि विचारले, “ती बोट नुसती जाऊन परत येते का रे?”

रविवार असल्यामुळे जल-मेट्रोपुढे लांब रांग होती. म्हणून आम्ही यावेळी जुनी बोट घेतली. चढताना धक्का आणि बोट यांमध्ये हातभर अंतर होते. खलाशाने आईचा हात धरला आणि मलयाळीत काही तरी म्हणत तिला आत घेतले. ती समुद्राच्या बाजूच्या बाकावर बसली. बोट फोर्ट कोचीला लागली, माणसे उतरली, माणसे चढली. आम्ही जागचे हललो नाही. मुलगा धावत खिडकीवर गेला आणि परतीची पाच तिकिटे घेऊन आला.